थेरेसा शनिवारी स्टेशनवर गेली नाही

ठाण्याला मिठागरांच्या अंगाला किरिस्तांवांचा एक पाडा होता, वीस-बावीस घरांचा. त्या पाड्यातली थेरेसा गावभर ठाऊक होती ती तिच्या शनिवारांमुळे. दर शनिवारी दुपारी ती धुतलेलं लुगडं नेसून स्टेशनाची वाट धरायची. बोरीबंदरहून येणारी चारची गाडी यायच्या आधी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहायची, उतरणाऱ्या एकेका पुरुषाचं तोंड न्याहाळायची आणि गाडी कल्याणच्या दिशेनं दिसेनाशी झाली की घरी यायची. सहा वर्षांत तिनं एक शनिवार चुकवला नव्हता. एकदा अंग तापानं फणफणत असताना गेली होती. एकदा उधाणाचं पाणी रस्त्यावर चढलं होतं, तेव्हा लुगडं खोचून गुडघाभर पाण्यातून गेली होती.

तिचा नवरा पास्कू आगबोटीवर स्वयंपाकी होता. १८६७ साली तो दर्यावर गेला. पहिल्या तीन वर्षांत त्याची चार पत्रं आली, कुणाकुणाकडून लिहून घेतलेली. पाड्यात धड वाचता येणारा एकच, पास्कूचा धाकटा भाऊ झेवियर. तो सरकारी कचेरीत कारकून होता. चौथं पत्र त्यानंच ओट्यावर बसून वाचून दाखवलं होतं : "बोट मुंबईला लागली की शनिवारच्या चारच्या गाडीनं येईन. कुठला शनिवार ते आत्ता सांगता येत नाही. स्टेशनवर ये." ते पत्र सत्तर सालच्या पावसाळ्यातलं. त्यानंतर ना पत्र आलं, ना माणूस.

थेरेसाला मूल नव्हतं. घरामागच्या तुकड्यात ती भाजी पिकवायची, बाजारात विकायची, आणि उरलेला सगळा वेळ वाट बघायची. मागच्या भिंतीला तडा गेला, तर पास्कू आल्यावर बघू. शेजारची सगुणा म्हणाली, परसात आंब्याचं रोप लाव, तर त्याला विचारून लावू. लग्नातलं लाल चौकड्यांचं लुगडं पेटीच्या तळाशी होतं, ते तो येईल त्या दिवशी नेसायचं. जेवताना ती दोन ताटं मांडायची. आपलं जेवण झालं की दुसरं ताट पुसून परत फळीवर ठेवायची.

पाड्याला तिचं भारी कौतुक. दर्यावर गेलेल्या बाकीच्या पुरुषांच्या बायका तिच्याकडे बघून दिवस काढायच्या. तळ्याकाठच्या चर्चला पाड्यातली माणसं देऊळच म्हणायची. त्या देवळाच्या पायऱ्या उतरताना झेवियर चारचौघांत म्हणायचा, "आमची वहिनी म्हणजे खांब आहे, खांब." थेरेसा मान खाली घालून ऐकायची. खांबाला उभं राहून राहून कंटाळा येतो का, हे कुणी विचारलं नाही. खरं तर तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

शहात्तर सालचा नाताळ जवळ आला होता. थेरेसाच्या बहिणीची मुलगी कार्मेल कल्याणला रेल्वेच्या एका इंजिनियर साहेबाकडे आया होती. साहेबाचं कुटुंब विलायतेला परत निघालं आणि जाता जाता मेमसाहेबानं आपल्या बागेतली हंसांची जोडी कार्मेलच्या गळ्यात घातली. कार्मेलच्या सासूनं ती दारातूनच हाकलली. मग कार्मेल दोन डालगी घेऊन मावशीच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"मावशी, चार दिस ठेव. मग बघते मी काय ते."

"बदकंच ना? ठेव तिकडं परसात."

"बदकं नायत गं. हंस हायत. साहेबाच्या मुलखातले."

कुंपणापलीकडून सगुणा डोकावली. ती मिठागरावर कामाला जायची, आवाज खणखणीत. "हंस? अगो, हंस मोती खातो म्हनतात. ह्यो तं तुझा माठ खातोय!"

खरंच, डालग्यातून बाहेर पडताक्षणी नर माठाच्या वाफ्यात शिरला होता. थेरेसा काठी घेऊन धावली. त्यानं मान जमिनीसरशी लांब केली, फिस्कारला, आणि तिच्या पोटरीला असा चावा घेतला की ती मटकन खाली बसली. पोटरी चोळता चोळता तिला हसू फुटलं. सगुणा कुंपणावर हात टेकून बघतच राहिली. या बाईला हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांचे चाळीस झाले. कार्मेल न्यायला आली नाही, आणि थेरेसानं निरोपही धाडला नाही. नराला सगळे फौजदार म्हणायला लागले, कारण तो छाती काढून पाड्याच्या वाटेवर गस्त घालायचा आणि अनोळखी माणसाला पुढे येऊ द्यायचा नाही. मादीचं नाव थेरेसानं मावशी ठेवलं. उजाडलं की दोघं खुराड्याच्या दारावर चोची आपटायची. दार उघडायला जरा उशीर झाला की असा कालवा, की शेजारची कुत्री उठून बसायची. थेरेसा त्यांना घेऊन खाजणाच्या बांधावर जायची. भात कापून झालेल्या शेतात गवत असायचं. हंस चरायला लागले की गवत तुटल्याचा बारीक आवाज यायचा, कर्र कर्र, न थांबता. समोर खाडी, पलीकडे पारसिकचा डोंगर. थेरेसा बांधावर बसून तो आवाज ऐकायची. एकदा ऊन पाठीवर आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून पास्कूची आठवणच झाली नाही. तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. त्या वेळी तिनं क्रूस काढला नाही. भाकरीचं फडकं सोडलं आणि ऊब आहे तोवर भाकरी खाल्ली.

त्याच माघात मावशीनं पडवीतल्या पेंढ्यात सहा अंडी घातली आणि ती उबवायला बसली. अन्न सोडून बसली. थेरेसा तिच्यापुढे पाण्यात भिजवलेले तांदूळ ठेवायची. फौजदार पडवीच्या तोंडाशी उभा, थेरेसाखेरीज कुणाला आत सोडायचा नाही. महिना होत आला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले होते. एका शनिवारी थेरेसा न्हाऊन, केस विंचरून, स्टेशनाला निघायच्या बेतात होती. पडवीतून बारीक चिवचिव ऐकू आली.

ती वाकून बघते तो दोन पिल्लं बाहेर पडलेली, ओली, मळकट पिवळी. तिसऱ्या अंड्याला भोक पडलं होतं आणि आतून इवलीशी चोच दिसत होती. ती चोच ढकलायची, दमायची, थांबायची, परत ढकलायची. थेरेसा मांडी घालून बसली. फौजदार मान उंचावून तिच्या खांद्यापाशी उभा राहिला. दोघं एकाच अंड्याकडे बघत होते. ऊन कलायला लागलं.

गाडीची शिटी आली. खाडीच्या वाऱ्यानं ती इतकी जवळ वाटली, की जणू परसातच वाजली. थेरेसाला ती नीट ऐकू आली. अजून पळत गेलं असतं तर शेवटचा डबा दिसला असता. तिनं पायाकडे पाहिलं. पाय मुडपलेलेच राहिले. मग गाडी गेल्याचा आवाज आला आणि तोही विरला. कवच तडकलं, पिल्लू पेंढ्यावर पालथं पडलं, आणि थेरेसा मोठ्यानं म्हणाली, "आलास बाबा!"

दिवे लागायच्या सुमाराला सेसिलिया आली. तिचा नवराही आगबोटीवर होता, दोन वर्षं झाली होती. ती कधी कधी थेरेसाबरोबर फलाटावर यायची.

"आज दिसली नायस. आजारी हायस?"

"नाय गं. पिल्लं बाहेर पडत होती. चार निघाली."

सेसिलिया तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि आज पास्कू आला असता तर?"

"तर घर ठाऊक हाय त्याला."

हे उत्तर दुसऱ्या सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर पोचलं होतं. पुढच्या शनिवारी थेरेसा काय करते, हे बघायला बायका आपापल्या ओट्यांवर येऊन बसल्या. दुपारी थेरेसा घरातून बाहेर पडली. अंगावर पेटीच्या तळातलं लाल चौकड्यांचं लुगडं. पुढे फौजदार, मागे मावशी, मध्ये चार पिल्लं. ती पाड्यातल्या सगळ्या ओट्यांसमोरून गेली, आणि स्टेशनाचा रस्ता डाव्या हाताला सोडून खाजणाकडे वळली.

झेवियर कचेरीतून परस्पर बांधावर आला. कोट घामानं भिजला होता.

"वहिनी, लोक काय बोलतात ऐकलंस?"

"त्यांच्याच ओट्यांपुढून आले की मी. तोंडावर कोण नाय बोललं."

"तू थकली असशील, मी समजू शकतो. पण आठवड्यातून एक दिवस स्टेशनवर जायला काय जातं? घराण्याची अब्रू आहे ती."

"मग तू जा."

"मी?"

"तुझा भाऊ हाय तो. मी सहा वर्षं उभी राहिले. आता तू राहा. तुझ्या अब्रूचे पाय घेऊन तू उभा राहा फलाटावर."

झेवियर पुढे सरकला. फौजदारानं पंख पसरले. झेवियर आला तसा गेला, जरा भरभर.

सेसिलियाचं बोलणं थेरेसाला जास्त लागलं. तिनं विहिरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "तूच सोडून दिलंस, तर आमी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" थेरेसानं घागर भरली, उचलली, आणि म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बघून तुझा नवरा यायचा नाय, सेसू. आणि माझाही." त्यानंतर सेसिलियानं तिच्याशी बोलणं टाकलं. पाड्यातल्या निम्म्या बायकांनी टाकलं. थेरेसानं मागच्या भिंतीचा तडा स्वतः मातीनं लिंपला, घराला चुना काढला, आणि ताट एकच मांडायला लागली. पहिले आठ दिवस ते एकटं ताट बघून घास गिळवत नव्हता, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर गवत माजलं. पिल्लं आईएवढी झाली. सहा हंस बांधावरून ओळीनं चालायला लागले की शिडांच्या होड्यांवरचे लोकही वळून बघायचे.

त्या वर्षीच्या नाताळाला झेवियरच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबाला हंसाचं जेवण हवं होतं. त्याच्या मुलखात तशी रीत. ठाण्यात हंस मिळेना. झेवियरनं पुढे होऊन सांगितलं की आमच्या घरचे आहेत, दोन आणून देतो. मग तो वहिनीकडे आला, आणि कधी नव्हे ते गोड बोलला.

"अंडी ने," थेरेसा म्हणाली. "हवी तेवढी ने. हंस मिळायचे नायत."

"वहिनी, जनावरं आहेत ती. शेवटी कापायचीच ना?"

"तुझ्या घरची काप."

नाताळाच्या आधीच्या रविवारी ती देवळातून आली तर सगुणा वाटेतच उभी. "थेरेसा, तुझा दीर हमालाला घेवून आल्ता. दोन नेले डालग्यात घालून. मी आरडले, पन तो म्हनं, घरचाच मामला हाय."

थेरेसा घरात गेलीसुद्धा नाही. खुराड्याचं दार उघडलं, फौजदाराला हाक मारली आणि तळ्याच्या रस्त्याला लागली. देवळात नेसलेलं तेच लाल लुगडं, कानांत सोन्याच्या कुड्या, मागे फौजदार. भर बारा वाजता बाजारातून ती वरात चालली. दुकानदार उठून उभे राहिले. कुणी हसलं, तर फौजदारानं त्याच्याकडे मान वळवली आणि हसू तिथंच राहिलं.

साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाशी पट्टेवाल्यानं तिला अडवलं. "कुठं? वर्दी दिल्याशिवाय आत जाता येत नाही."

थेरेसानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं फाटकाच्या गजांना दोन्ही हात धरले आणि रोज खाजणात घालायची तीच साद घातली, "आव, आव, आऽव!" फौजदार तिच्या पायाशी उभा राहून केकाटला. बंगल्याच्या पाठीमागून, बबर्चीखान्याकडून, दोन आवाजांनी जबाब दिला. मग असा कल्लोळ उठला की घोड्यांच्या पागेतला मोतद्दार धावत बाहेर आला. पट्टेवाला मागे वळून बघतोय तेवढ्यात थेरेसा फाटक लोटून आत शिरली होती.

झेवियर बागेतल्या वाटेवर आडवा आला. चेहरा पांढराफटक. "वहिनी, पाया पडतो. घरी जा. माझी नोकरी जाईल."

"चोरताना नाय आठवली नोकरी?"

व्हरांड्यात साहेबाची मेम आली होती. हातात शिवणकाम होतं. तिनं मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "यह क्या है? किसका है यह?"

"मेरा," थेरेसा म्हणाली. न थांबता ती बबर्चीखान्याच्या अंगणात गेली. बबर्ची खुराड्यापुढे सुरी घेऊन उभा होता. कापायला नव्हे, कांदे चिरता चिरता आवाज ऐकून उठला होता. तो आपण होऊन बाजूला झाला. थेरेसानं कडी काढली. दोन्ही हंस बाहेर येऊन तिच्या लुगड्यात माना खुपसायला लागले. तिनं त्यांना पुढे घातलं आणि व्हरांड्यासमोरून निघाली. मेम अजून उभीच होती.

"बाबू बोला, उसका घर का है," मेम म्हणाली.

"घर मेरा है. बाबू झूठ बोला."

मेमनं झेवियरकडे पाहिलं, मग हंसांकडे. बबर्चीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि आत गेली. त्या नाताळाला बंगल्यावर कोंबड्या शिजल्या. झेवियरची नोकरी टिकली, पण कचेरीत पुढे बरेच दिवस तो आत शिरला की कुणीतरी हळूच फिस्कारायचं.

नव्या सालच्या उपासात मावशीनं परत अंडी घातली, आणि पाच पिल्लं आठवड्याची झाली असतील-नसतील, तेव्हा माझगावचा एक म्हातारा खलाशी पाड्यात विचारत विचारत आला. त्याच्याजवळ पास्कूची जपमाळ होती आणि हाडाच्या मुठीचा सुरा. पास्कू एडन बंदरात तापानं वारला होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात. बोट पुढे दुसऱ्या धन्याला विकली गेली, माणसं पांगली, आणि या म्हाताऱ्याला ठाण्याकडे यायला इतकी वर्षं लागली.

थेरेसानं सुरा हातात घेतला. मूठ तिच्या ओळखीची होती. ती ओट्यावर बसून रडली, तोंडात पदर कोंबला नाही, कुणाची लाज धरली नाही. देवळात त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितला. दोन दिवस घरात सगुणानं चूल पेटवली. तिसऱ्या सकाळी खुराड्यात चोची आपटायला लागल्या, तशी थेरेसा उठली, तोंड धुतलं, लाल लुगडं नेसली आणि हंस घेऊन बांधावर गेली.

दुपारच्या आत झेवियर पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. त्याच्या हातात घडी केलेलं काळं लुगडं होतं. पाठोपाठ चार बायका, त्यांत सेसिलिया.

"वहिनी, आता तरी रीतीनं वाग," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज दुखावलेला होता. भाऊ त्याचाही गेला होता. "वर्षभर काळं नेसायचं असतं. तू विधवा आहेस."

थेरेसा उभी राहिली.

"कधीपासून, झेवियर? एकाहत्तरपासून ना? मग माझं काळं नेसून झालं. तो एडनच्या मातीत होता आणि मी फलाटावर उभी होते. पाच वर्षं. तेव्हा तुमी म्हणालात, वाट बघ. आता म्हणता, काळं नेस. मी त्याच्यासाठी रडले, परवा रडले, काल रडले. उद्याही रडू आलं तर रडेन. ते माझं नि त्याचं. पण तुमाला दिसावं म्हणून मी कायपण नेसायची नाय. आज ऊन हाय, गवत हाय, पोरं चरताहेत. मी बरी हाय. हो, बरी हाय म्हटलं! पाप असेल तर मी पाद्र्याला सांगेन, तुमाला नाय."

झेवियरनं काळं लुगडं बांधावर ठेवलं आणि तो निघाला. बाकीचे एकेक करून पांगले. सेसिलिया मात्र तिथंच उभी राहिली, हातांची घडी घालून, वर्षभराचा राग तोंडावर घेऊन.

"दुःख नाय होत तुला?" तिनं विचारलं.

"होतं. सकाळी झालं. भाकरी थापताना झालं."

"आणि आता?"

थेरेसानं खरंच विचार केला. "आता नाय."

खाडीला भरती लागली होती आणि पाणी चरांतून खाजणात शिरत होतं. हंस पाण्याच्या वासानं माना वर करून तिकडे सरकले. पिल्लं त्यांच्यामागे लुटुलुटु. सगळ्यात मागचं पिल्लू चराच्या काठावरून घसरलं आणि चिखलात रुतलं. फौजदारानं आकाशपाताळ एक केलं.

"अगं, गेलं ते!" सेसिलिया ओरडली.

थेरेसानं लाल लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि ती चरात उतरली. चिखल मांडीपर्यंत आला. एका हातानं तिनं पिल्लू उचलून बांधावर सेसिलियाच्या ओंजळीत दिलं, आणि दुसरा हात वर केला.

"बघतेस काय? ओढ मला!"

सेसिलियानं पिल्लू पदरात टाकलं, पाय रोवले आणि तिचा मनगटाशी हात धरला. फौजदार दोघींच्या मध्ये येऊन सेसिलियाच्या पोटरीचा अंदाज घेत होता.